हौसेचें मोल

हौसेला मोल नसतें, अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्या घरांत महिन्याचा हिशेब वहींत लिहिला जातो, त्या घरांत हौसेलाहि मोल असतें आणि तें कोणी तरी मुकाट्यानें मोजलेलें असतें. आमच्या भंडारा जिल्ह्यांत याचा नमुना पाहावयाचा असेल तर शंकरपटाला जावें. धानाची मळणी उरकून हिवाळा मध्यावर आला कीं गांवोगांव पट भरतात. तेथें धांवणारी जोडी बहुधा नांगराची नसते. तिचा खुराक वेगळा, तिची निगा वेगळी, आणि तिच्यावर होणारा खर्चहि वेगळा. एका कामापुरतें जें बाळगलें, त्याची किंमत त्या एका कामांत वसूल होते कीं नाहीं, हा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या घरांत कधीं ना कधीं निघालेला असतोच.

हाच प्रश्न परवां आमच्यापुढें अगदीं निराळ्या वेषांत आला. शेजारचे सेवानिवृत्त गुरुजी सायंकाळीं येऊन बसले आणि म्हणाले, “अहो, आमच्या नातवाला टीव्हीवरच्या मोटारींच्या खेळासाठीं खऱ्यासारखें चाक पाहिजे आहे, पायाखालीं दाबावयाच्या पट्ट्यासुद्धां. खेळाच्या यंत्राबरोबर कंट्रोलर आलाच आहे, आणि त्यानें गाडी चालतेहि. त्याची बहीण बाजूला बसून तासन् तास पाहते, तिचीहि कांहीं तक्रार नाहीं. मग या चाकावर वीस-पंचवीस हजार रुपये कां घालावे?” आम्ही लगेच उत्तर दिलें नाहीं. या प्रश्नामागें पन्नास वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो न पाहतां दिलेलें उत्तर एक तर कंजूषपणाचें ठरतें, नाहीं तर लाडाचें.

घरच्या दूरचित्रवाणीला जोडून खेळावयाचें पहिलें यंत्र १९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेंतून निघालेल्या या यंत्राचें नांव ‘ओडिसी’, आणि तें मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें सुमारे १०० डॉलरांस विकलें. त्याचा साधा कंट्रोलर म्हणजे फिरवावयाच्या खुंट्या असलेली एक पेटी. परंतु त्याच वेळीं सुमारे २५ डॉलर अधिक देणारास एक बंदूकहि मिळे. ही बंदूक प्रकाश ओळखी; इतक्या भोळेपणानें ओळखी कीं, ती टीव्हीऐवजीं खोलींतल्या दिव्याकडे रोखली तरी नेम लागला असें यंत्र समजे! यावरून एवढें ध्यानांत येतें कीं, जगावेगळा कंट्रोलर हें अलीकडचें फॅड नव्हे. तो या खेळांच्या जन्माबरोबरच जन्मला, आणि मुख्य यंत्राच्या पाव किंमतीला तो घ्यावा कीं न घ्यावा, हा वादहि त्याच वर्षापासून चालूं झाला.

बरें, जगावेगळा तरी कोणाला म्हणावें? आज बहुतेक कंट्रोलरांवर आंगठ्यानें दाबावयाची जी अधिकचिन्हासारखी कळ असते, ती जपानच्या निन्टेन्डो कंपनींतील गुनपेई योकोई यांनीं १९८२ सालीं हातांत मावणाऱ्या एका लहानशा खेळांत प्रथम बसविली. दांडा धरून खेळण्याची संवय झालेल्या लोकांस ती नवलाचीच वाटली असली पाहिजे. पुढें ती इतकी रुळली कीं, तिच्यावांचून कंट्रोलर कसा असेल याची मुलांना कल्पनाहि करवत नाहीं. म्हणून एखादी वस्तु विचित्र आहे एवढ्याच कारणासाठीं तिला नाकारणें न्यायाचें नव्हे. तिच्या मागून किती खेळ आले, हें पाहावें लागतें.

येथें आम्हांस आमच्याच गांवची एक आठवण सांगावीशी वाटते. १९९० नंतरच्या दशकांत भंडाऱ्याच्या पुष्कळ घरांतून ‘टीव्ही गेम’ शिरला. निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या, आणि त्यांच्या पेटींत दोन कंट्रोलरांबरोबर बहुधा एक प्लॅस्टिकची बंदूकहि असे. परीक्षा संपली कीं तिच्यानें बदकें मारण्याचा उद्योग गल्लोगल्लीं चाले. बंदूक कोणाच्या हातीं आधीं यावी यावरून झालेले तंटे आम्ही स्वतः मिटविले आहेत. त्या बंदुकीची युक्ति मोठी सुंदर होती. घोडा ओढतांच पडदा क्षणार्धापुरता काळा होई आणि लागलीच बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. नळींतील प्रकाशग्राही भागाला तो पांढरा चौकोन दिसला तर बदक पडलें, न दिसला तर उडालें. म्हणजे गोळी बंदुकींतून पडद्याकडे जात नसे. प्रकाशच पडद्याकडून बंदुकींत येई.

पण ही सारी युक्ति काचेच्या नळीच्या, मागें पोट सुटलेल्या जुन्या टीव्हीच्या नेमक्या वेळेवर अवलंबून होती. चपटे टीव्ही आले. ते चित्र दाखविण्यापूर्वीं किंचित् वेळ घेतात आणि तें निराळ्या रीतीनें उजळतात. झालें! बंदूक मोडली नाहीं, खेळ बिघडला नाहीं, नेमहि चुकला नाहीं, तरी एकहि बदक पडेना. ज्यांनीं बंदूक जपून ठेवली होती, त्यांच्या घरीं ती केवळ शोभेची वस्तु होऊन बसली.

शंकरपटाच्या जोडीची गोष्टहि याहून फारशी वेगळी नाहीं. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बैलांच्या शर्यती बंद झाल्या. डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांना अटींसह परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. बंदी योग्य होती कीं अयोग्य, हा येथें आमचा विषय नाहीं. परंतु मधल्या वर्षांत बैलाचे पाय तेच होते, खुराक तोच होता, नव्हता तो पट. एका कामापुरत्या वस्तूचें मोल तिच्या अंगांत नसतें, तिला मिळणाऱ्या प्रसंगांत असतें. आणि ते प्रसंग पुरविणें मालकाच्या हातीं नसतें. आमच्या मतें या सर्व इतिहासाचें सार हेंच आहे.

हें सार हातीं धरून पाहिलें म्हणजे पुढच्या घटनांचा उलगडा सहज होतो. १९८५ सालीं निन्टेन्डोनें अमेरिकेंत आपल्या यंत्राबरोबर एक लहानसा यंत्रमानव विकला. तो खेळणाऱ्याच्या सोबतीला बसून, पडद्यावरील प्रकाशाच्या खुणा ओळखून हात हालवी. त्याच्यासाठीं खेळ निघाले ते अवघे दोन. १९८९ सालीं मॅटेल कंपनीनें ‘पॉवर ग्लव्ह’ नांवाचा हातमोजा सुमारे ७५ डॉलरांस आणला. संशोधकांसाठीं बनविलेल्या, हजारों डॉलर किंमतीच्या मोज्याची ही बाळआवृत्ति होती. कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीवरून ती हाताची जागा ओळखी. मुलें तिच्यावर लुब्ध झालीं. परंतु मुद्दाम तिच्यासाठीं रचलेले खेळ पुन्हां दोनच! इतर खेळांत मोजा घालून जें साधे, तें साध्या कंट्रोलरनें अधिक चांगलें साधे. २००२ सालीं कॅपकॉम कंपनीनें ‘स्टील बटॅलियन’ या खेळासाठीं सुमारे चाळीस कळा, दोन दांडे आणि तीन पायपट्ट्या असलेला अवाढव्य कंट्रोलर काढला. खेळासह त्याची किंमत होती २०० डॉलर, आणि ज्या यंत्रावर तो चालावयाचा, तें यंत्रहि त्या वर्षीं अमेरिकेंत तितक्यालाच मिळत होतें. युद्धयंत्र कोसळूं लागलें असतां झांकण उघडून सुटकेची कळ वेळेवर दाबली नाहीं, तर खेळणाऱ्याची आजवरची सारी कमाई पुसली जाई. हा थरार साध्या कंट्रोलरवर येणें शक्य नव्हतें, हें मान्य केलेंच पाहिजे. तथापि त्याचाहि संसार दोन खेळांतच आटोपला.

याच्या उलट २००६ सालच्या ‘वी’ या यंत्राचा कंट्रोलर पाहावा. हातांत धरून बॅटीसारखा फिरवावयाचा तो दांडा वेगळा विकत घ्यावा लागत नसे. पेटींतच असे, आणि अमेरिकेंत त्याच्या जोडीला एक खेळहि असे. प्रत्येक घरीं तो आहे अशी खात्री असल्यामुळें खेळ रचणारेहि निर्धास्त झाले. त्या यंत्राच्या दहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. परंतु पेटींत घातलें म्हणजे काम भागतें, असें मात्र समजूं नये. त्याच कंपनीचें २०१२ सालचें ‘वी यू’ हें यंत्र पडदा असलेला कंट्रोलर घेऊन आलें, आणि सुमारे एक कोटी पस्तीस लाखांवर थांबलें. मायक्रोसॉफ्ट कंपनीचा ‘किनेक्ट’ हा त्याहून बोधप्रद आहे. हातांत कांहींच न धरतां, केवळ अंग हालवून खेळावयाचें हें साधन २०१० सालीं आलें तेव्हां त्यावर झुंबड उडाली. २०१३ सालीं कंपनीनें नव्या यंत्राबरोबर तें सक्तीनें जोडून ४९९ डॉलर मागितले. पुढच्याच वर्षीं जूनमध्यें तें वगळून यंत्र ३९९ डॉलरांस द्यावें लागलें. त्या शंभर डॉलरांत गिऱ्हाइकांनीं आपला निकाल लिहून दिला असें म्हणावयास हरकत नाहीं. २०१७ सालीं त्याचें उत्पादनहि थांबलें.

एवढ्यावर थांबलों असतों तर जगावेगळा कंट्रोलर म्हणजे बहुधा वाया गेलेला पैसा, असा निर्णय देऊन आम्ही मोकळे झालों असतों. परंतु २०१८ सालीं त्याच मायक्रोसॉफ्टनें सुमारे १०० डॉलरांस आणखी एक विचित्र कंट्रोलर काढला. दोन मोठ्या गोल कळा आणि पाठीमागें एकोणीस भोकें, असें त्याचें रूप. ज्याचे हात साध्या कंट्रोलरला जुळत नाहींत, त्यानें त्या भोकांत आपल्याला जमेल अशी कळ जोडावी आणि ती पायानें, कोपरानें, हनुवटीनें दाबावी. या जोडकळांचा खर्च वेगळा पडतो, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरांत सोनी कंपनीचेंहि त्याच हेतूचें साधन निघालें. या साधनांसाठीं मुद्दाम वेगळे खेळ रचावे लागत नाहींत. जे खेळ सर्वांसाठीं आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचें दार तीं उघडतात. बाकीचे कंट्रोलर खेळणाऱ्याला आणखी एक गंमत देतात. हे खेळ पाहणाराला खेळणारा करतात. दोहोंची किंमत एकाच तागडींत तोलणें बरोबर होणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं हें सारें आम्ही गुरुजींना सांगितलें. चाक हें मोज्यासारखें अनाथ नाहीं. मोटारींचे खेळ पुष्कळ आहेत व नवे येतात. चाकांतील मोटर हाताला वळणाचा खरा ताण देते, तें सुख आंगठ्याला मिळत नाहीं. पण एका कंपनीच्या यंत्राचें चाक दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालेलच असें नसतें, हें आधीं पाहावें. आणि मुलगा आठवड्यांतून किती वेळां मोटारी चालवितो व किती वेळां फुटबॉल खेळतो, हें दोन महिने वहींत टिपावें. फुटबॉल जास्त भरला तर चाक म्हणजे पट नसलेल्या गांवांतील पटाची जोडी!

गुरुजी हंसले, पण मध्येंच थांबले. “तो दुसरा, मोठ्या कळांचा... तो आपल्याकडे मागवतां येतो का?” त्यांनीं विचारलें. मग हळूच म्हणाले, “नातीच्या उजव्या हाताचीं बोटें जन्मापासून वळत नाहींत. ती पाहत बसते, तक्रार करीत नाहीं, म्हणून आम्हांला वाटलें तिला पाहणेंच आवडतें. आम्ही कधीं विचारलेंच नाहीं हो.”

किंमतीचा विषय त्यानंतर निघाला नाहीं असें नाहीं. निघाला, आणि निघावयासच पाहिजे. गुरुजींचें निवृत्तिवेतन आम्हांस ठाऊक आहे. परंतु या वेळीं ते वस्तूची किंमत विचारीत नव्हते; ती कोणत्या महिन्यांत बसेल याचा हिशेब मांडीत होते.