किरणोत्सव, कुंभार आणि वारूळ

कोल्हापुरात वर्षातून दोनदा लोक अंबाबाईच्या देवळात सूर्याची वाट बघत उभे राहतात. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या पायांपासून वर सरकू लागतात. सगळं काही मिनिटांत संपतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी आजीबरोबर गेलो होतो. त्या दिवशी किरणं देवीच्या कमरेपर्यंत पोहोचली. गर्दीतून उदोकार झाला, आजीचे डोळे भरून आले. आणि मी, नुकतंच दोन पुस्तकं वाचून शहाणा झालेला, तिच्या कानात म्हणालो, "आजी, ही नुसती भूमिती आहे."

ती काही बोलली नाही. बिंदू चौकापर्यंत आम्ही गप्पच चालत आलो. मग म्हणाली, "व्हय रं. पर ती भूमिती मांडली कुणी?"

मी हसलो. आज ती नाही, आणि त्या हसण्याची मला लाज वाटते. कारण नंतर कळलं की आजीने सहज विचारलेल्या त्या प्रश्नावर आपल्याकडची तल्लख डोकी शेकडो वर्षं भांडली होती. त्यातली एक बाजू तर आमच्या गावाला अगदी खेटून आहे.

आधी भूमिती. किरणोत्सवाच्या तारखा बघा. 21 डिसेंबरच्या आधी सुमारे 41 दिवस आणि नंतर सुमारे 42 दिवस. दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 17 अंशांवर असतो आणि कोल्हापुरातून तो नेमक्या पश्चिमेच्या जवळपास 18 अंश डावीकडे मावळताना दिसतो. म्हणजे दोन्ही उत्सवांना सूर्य आकाशात एकाच जागी येतो. देऊळ बांधणाऱ्यांनी ती जागा हेरून दारं, मंडप आणि गाभारा एका रेषेत आणले.

इतकी नेमकी रचना आपोआप होत नाही, तिच्यामागे कुणाचं तरी डोकं असणार. हाच तर्क न्यायदर्शनाने उचलून थेट विश्वाला लावला. मडकं दिसलं की कुंभार होता हे आपण मानतो. मडकं हे कार्य आहे, आणि कार्याला कर्ता लागतो. पृथ्वी, डोंगर, झाडंही कधीतरी घडलेली, म्हणजे कार्यच. मग त्यांचाही कुणी कर्ता असणार, आणि तोच ईश्वर. दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'मध्ये हा युक्तिवाद सर्वांत तयारीने मांडला. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी विश्वावर 'गिट ब्लेम' चालवलं: ही ओळ कुणी लिहिली ते दाखव.

पण खोडून काढणारे त्यांच्या आधीपासून होते. सातव्या शतकातल्या बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी वारुळाचं उदाहरण दिलं. वारूळही मातीचंच, त्यालाही आकार आहे. म्हणून ते कुंभाराने केलं असं आपण म्हणतो का? मडक्यामागे कुंभार आहे हे आपल्याला कळतं, कारण आपण कुंभाराला मडकी घडवताना पाहिलेलं असतं. विश्व घडताना कुणी पाहिलंय? मग ते मडकं आहे की वारूळ, हे ठरवायचं कशावरून? स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमचं 1779 साली, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलेलं पुस्तक याच्या फार जवळचा मुद्दा मांडतं.

आता गावाजवळची बाजू. शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन जैन मठ आहे, अंबाबाईच्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे पहिले तीर्थंकर आदिनाथ यांची भव्य मूर्ती आहे. या आदिनाथांचं चरित्र सांगणारं संस्कृत 'आदिपुराण' नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी लिहिलं. जग निर्माण करणारा कुणी आहे ही कल्पनाच त्यात मोडीत काढली आहे. जिनसेन विचारतात: निर्मितीच्या आधी तो होता कुठे? साहित्य कुठून आणलं? साहित्य आधीपासूनच होतं म्हणाल, तर जगच आधीपासून होतं म्हणायला काय हरकत आहे? आणि तो परिपूर्ण असेल तर त्याला जग करायची इच्छा तरी का व्हावी? विसाव्या शतकात कार्ल सेगनने आपल्या 'कॉसमॉस'मध्ये जिनसेनांचा हा उतारा घेतला आणि तो जगभर पोहोचला. आमच्या पेठेत मात्र तो मला कुणी सांगितला नव्हता.

जिनसेनांना गुरू मानणारा राजा होता राष्ट्रकूट अमोघवर्ष. नवव्या शतकात त्याने साठ वर्षांहून अधिक काळ राज्य केलं. सन 871च्या संजान ताम्रपटात त्याच्याबद्दल एक विलक्षण नोंद आहे: प्रजेवर संकट आलं तेव्हा त्याने आपल्या डाव्या हाताचं बोट कापून महालक्ष्मीला अर्पण केलं. ही महालक्ष्मी म्हणजे कोल्हापूरचीच, असं अनेक अभ्यासक मानतात.

ही नोंद वाचून मी बराच वेळ थांबलो. विश्वाला कर्ता नाही असं शिकवणारा ज्याचा गुरू, तोच राजा देवीला बोट देतो. माझ्या विशीतल्या तर्काला हा सरळ बग वाटला असता. पण अमोघवर्ष तिथे काही सिद्ध करायला गेला नव्हता. लोक संकटात होते आणि आपल्याकडचं काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं.

कर्त्याचा हाच युक्तिवाद एकोणिसाव्या शतकात नव्या कपड्यांत परत आला. 1802 साली इंग्लंडमध्ये विल्यम पेलीने कुंभाराच्या जागी घड्याळजी बसवला. 1859 साली डार्विनने दाखवलं की डोळ्यासारखी गुंतागुंतीची रचना नैसर्गिक निवडीतून हळूहळू घडू शकते. वारुळाची बाजू भक्कम झाली, निदान सजीवांपुरती.

महाराष्ट्रात मात्र या तर्काला वेगळंच वळण लागलं. जोतीराव फुल्यांनी देवासाठी शब्द वापरला 'निर्मिक'. त्यांच्या मृत्यूनंतर 1891 साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' प्रसिद्ध झालं. कर्ता आहे की नाही यावर ते अडून बसत नाहीत, तो आहे हे धरूनच चालतात. त्यांचा खरा प्रश्न पुढचा आहे: एकाच निर्मिकाने सगळ्यांना घडवलं, तर एक माणूस उच्च आणि दुसरा नीच कसा? मधल्या दलालाची गरजच काय? 1873 साली पुण्यात सुरू झालेला त्यांचा सत्यशोधक समाज 1911 साली शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात उभा राहिला. ईश्वर सिद्ध करण्यासाठी जन्मलेला तर्क इथे समतेच्या कामाला लागला.

आता आजीचा प्रश्न. भूमिती मांडली कुणी?

मला आता दिसतं की तिथे दोन भूमिती आहेत. एक दगडाची. ती माणसांनी मांडली. ऋतूमागून ऋतू सूर्य बघत राहिलेल्या कुण्या स्थपतीने, पाथरवटांनी. त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. किरणं पोहोचली की आपण देवीचा उदो करतो, नाही पोहोचली की ढगांना आणि वाटेतल्या बांधकामांना दोष देतो. त्या कारागिरांची आठवण दोन्ही वेळा निघत नाही. मीही ज्याला 'नुसती' म्हणालो, ते त्यांचं आयुष्यभराचं काम होतं.

दुसरी भूमिती आकाशाची. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंश कललेला आहे म्हणून सूर्य दक्षिणेला जातो आणि परत येतो. या भूमितीला कर्ता हवा असं मला वाटत नाही. मी धर्मकीर्ती आणि जिनसेनांच्या बाजूचा आहे, अजूनही.

पण मागच्या नोव्हेंबरला मी एकटाच किरणोत्सवाला गेलो. शेजारी एक आजीबाई टाचा उंचावून बघत होत्या, त्यांना पुढे जागा करून दिली. किरणं वर चढू लागली तसे त्यांनी हात जोडले. मी काही बोललो नाही. कारागिरांसाठी आणि माझ्या आजीसाठी मीही हात जोडले.