टीएफआय इग्निशन मॉड्यूल
टीएफआय इग्निशन मॉड्यूल हा फोर्ड कंपनीच्या १९८०च्या दशकातील व १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धातील एफ-मालिकेच्या पिकअप ट्रकांत आणि अनेक मोटारींत वापरला गेलेला इलेक्ट्रॉनिक भाग आहे. तो इग्निशन कॉइलचा प्रवाह योग्य क्षणी खंडित करतो व त्यामुळे स्पार्क प्लगमध्ये ठिणगी पडते.

आरंभीच्या रचनेत हे मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरच्याच अंगावर बसविलेले असे. इंजिनाच्या उष्णतेने ते निकामी झाले, की धावती गाडी अकस्मात बंद पडे आणि इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू होई. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असल्याने निदान कठीण जाते. म्हणून गाडी बंद पडताच, इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासणे इष्ट. मात्र डिस्ट्रिब्युटरमधील हॉल संवेदक बिघडल्यासही हेच लक्षण दिसते. २००० साली कॅलिफोर्नियातील अलामेडा काउंटीच्या न्यायालयाने या मॉड्यूलच्या जागेवरून त्या राज्यातील सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला. पुढे २००१ मध्ये तडजोड झाली.

सुटा भाग घेताना रंग पाहावा लागतो. करडे व काळे मॉड्यूल दिसायला सारखेच असतात आणि एकमेकांच्या जागी सहज बसतात. परंतु करड्याच्या एका पिनेवर स्टार्टरचा संकेत येतो, तर काळ्याची तीच पिन इंजिनाच्या संगणकाला माहिती पुरविते. जागी बसले म्हणजे जुळले, असे येथे होत नाही. डिस्ट्रिब्युटरवर बसविताना मॉड्यूलच्या पाठीवर उष्णतावाहक लेप लावावा लागतो. तो नसल्यास नवे मॉड्यूलही लवकर जळते.