राणीछाप आणि कागदी रुपया

एप्रिल १९४३. लासलगावात तुमची बैलगाडी उन्हाळ कांद्यानं भरून उभी आहे. बाजार समिती यायला अजून चार वर्षं आहेत. आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. ती बोटं काय बोलली हे तुम्हाला कोणी सांगत नाही. स्टेशनात वाघिणी नाहीत, लष्कराचा माल आधी. धक्क्यावरच्या गोण्यांना पाणी सुटलंय.

आडत्या पट्टी करून हातावर नोटा ठेवतो. कोऱ्या, एकेका रुपयाच्या. जवळ धरून बघा: कागदावर रुपयाच्या नाण्याचं चित्र! ऑगस्ट १९४० मध्ये लढाईपायी ही नोट पुन्हा निघाली. गेल्या महिन्यात, ३ मार्चला, दोन रुपयांचीही आली. बोटांना शाईचा वास येतो. नोट लांबून आलेली नाही. याच रेल्वेमार्गावर, निफाड-ओढ्याच्या पुढं, नाशिकरोडला १९२८ पासून सरकारी छापखाना नोटा छापतोय. माझ्या लेखी या जिल्ह्यातला लढाईचा खरा कारखाना तोच.

इंग्रज सरकार इथून कापड, तंबू, बूट उचलतं. त्या किमतीचे पौंड लंडनच्या वहीत हिंदुस्थानच्या नावावर जमा होतात आणि त्या भरवशावर इथं रुपये छापले जातात. लढाई संपेपर्यंत चलनातल्या नोटा पाचपटींहून जास्त होतील.

लढाईचं बिल दुसऱ्याच्या माथी मारणं तिकडंही चाललंय: याच महिन्यात जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स त्यांच्या फौजेच्या खर्चापायी दिवसाला ५० कोटी फ्रँक मोजतोय. बिलांकूरच्या रेनो कारखान्यातून जर्मनांसाठी ट्रक निघतात आणि त्यांचे पैसे अखेर फ्रेंच माणसाच्याच खिशातून जातात. लंडनची वही निदान पुढं चुकती करावी लागली. हा फरक मोठा आहे, मी तो नाकारत नाही. पण तुमच्या गाडीपर्यंत तो पोचत नाही. लुगडं महागलंय, रॉकेल मिळत नाही, आणि धातू वाचवायला यंदा पैशालाही भोक पाडलंय.

घरी आजीच्या कनवटीला एक राणीछाप आहे, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा चांदीचा रुपया. ३१ मार्च १९४१ नंतर तो चालत नाही. सरकारात भरायला सांगितलं होतं, तिनं भरला नाही. ती तो उंबऱ्यावर टाकते. खणकन वाजतो. मग तुमची नोट उलटसुलट करून बघते आणि परत देते.

"याचं मीठ-मिरची आजच आण रे. उद्यावर ठेवू नकोस."