पैसा कुणाचा, प्रश्न कुणाचा?

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी कविसंमेलन होतं. मांडव, माइक, चहापाणी, सगळा खर्च एका व्यापाऱ्यानं उचललेला. कार्यक्रमाआधी तो अदबीनं म्हणाला, "कविराज, सुरुवातीला आमच्या दुकानावर दोन ओळी झाल्या तर बरं होईल." मी त्या केल्या. टाळ्याही पडल्या. घरी परतताना मात्र खिशातलं मानधनाचं पाकीट टोचू लागलं. पूर्वी दरबारातले शायर मोहरा घ्यायचे आणि राजाच्या स्तुतीचा कसीदा म्हणायचे. मी वेगळं काय केलं होतं?

कवीनं कसीदा म्हटला तर एक कविता वाया जाते. संशोधकानं म्हटला तर?

संशोधनाला पैसा लागतो आणि तो सगळाच सरकारी तिजोरीतून येत नाही. आपल्याकडे तर सरकारच्या आधी दानशूर पुढे झाले. जमशेदजी टाटांनी १८९८ साली विज्ञान संस्थेची योजना मांडली आणि तिच्यासाठी ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली. १९०४ साली ते वारले. म्हैसूर संस्थानानं जमीन दिली आणि १९०९ साली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या नावात 'टाटा' नाही. लोक मात्र तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणत राहिले. माझी दादी म्हणायची, उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये. त्या दानाची जात ही अशी.

१९४४ साली डॉ. होमी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी संस्था मागितली. दुसऱ्याच वर्षी ती उभी राहिली. इथं पैसा न्यासाचा होता, पण काय शोधायचं हे शास्त्रज्ञानं ठरवलं होतं.

पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्थाही अशीच. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ती निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या माणसांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. कोण काय कमावतो, कसा राहतो, हे घरोघरी विचारलं. देणगीदाराच्या नावानं तिथं दरवर्षी व्याख्यान होई. १९३९ साली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलं आणि त्या वेळच्या संघराज्य योजनेची परखड चिकित्सा केली. काळे व्याख्यान होतं, काळ्यांचा कसीदा नव्हता!

आता दुसरी बाजू. १९६५ साली अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संशोधन प्रतिष्ठाननं हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांना ६,५०० डॉलर दिले. काम होतं साखर, चरबी आणि हृदयविकार यांवरच्या अभ्यासांचा आढावा घेण्याचं. हेतू प्रतिष्ठाननं ठरवला, लेखाचे खर्डेही आधी वाचले. १९६७ साली तो आढावा एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. साखरेकडे बोट दाखवणारे अभ्यास त्यात लेचेपेचे ठरले, दोष गेला चरबीकडे. पैसे कुणी दिले, याचा उल्लेखच नव्हता. चरबीवरचा आळ सर्वस्वी खोटा होता असं नाही. पण तराजूच्या एका पारड्याखाली कुणाचा तरी हात होता आणि तो वाचकाला दिसत नव्हता.

पुढे त्याच गोटानं इंग्लंडमध्ये उंदरांवरच्या प्रयोगाला पैसे दिले. निष्कर्ष साखरेच्या विरोधात झुकू लागले, तेव्हा १९७० साली पैसे थांबवले. ते निष्कर्ष कधी छापलेच गेले नाहीत. जुन्या कागदपत्रांतून पहिली गोष्ट २०१६ साली आणि दुसरी २०१७ साली उघड झाली. म्हणजे जवळजवळ ५० वर्षांनी. तोवर किती घरांत किती साखर विरघळली असेल!

याचा अर्थ उद्योगाचा पैसा विटाळलेला असतो असा नाही. टाटांचा पैसाही गिरणी-कारखान्यांतूनच आला होता. फरक तीन गोष्टींत आहे. प्रश्न कोण ठरवतो? उत्तर न आवडणारं निघालं तरी ते छापायची मुभा आहे का? आणि पैसे कुणाचे, हे वाचकाला सांगितलं आहे का? त्या अमेरिकन नियतकालिकानं हा खुलासा लेखकांकडून मागायला १९८४ साली सुरुवात केली.

'संशोधनातून सिद्ध झाले आहे' असं वाक्य पेपरात आलं की आपण मान डोलावतो. मान डोलावण्याआधी हे तीन प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. मी साधा बीए आहे, मीही विचारतो.

आणि हो, परवा तोच व्यापारी पुन्हा भेटला. यंदाही खर्च त्याचाच आहे. मी म्हटलं, "शेठ, सुरुवातीला तुमचं नाव घेऊन आभार मानतो, सगळ्यांसमोर. पण ओळी माझ्या मनाच्या असतील." तो हसला आणि म्हणाला, "चालेल."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)