प्रिंटरला मारलेली हाक

१९८५ साली ॲपलचा लेझररायटर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर. एवढं महागाचं यंत्र एकट्याच्या टेबलावर कोण ठेवणार? तो ॲपलटॉकच्या तारेला जोडायचा आणि सगळ्यांनी मिळून वापरायचा. मॅकवर ‘चूझर’ उघडून डावीकडच्या प्रिंटरच्या चित्रावर क्लिक केलं की उजवीकडे आसपासच्या प्रिंटरांची नावं उमटत. आकडी पत्ता नको, नावांची वही सांभाळणारा सर्व्हरही नको. मॅक तारेवर हाक मारी, प्रिंटर ओ देत.

नव्वदच्या दशकात इंटरनेटच्या टीसीपी-आयपी या भाषेने बाजी मारली आणि ही सोय मागे पडली. शेजारच्या खोलीतल्या प्रिंटरसाठीही आता आकडी पत्ता विचारत फिरायची वेळ आली. विंडोज ९५ मधलं ‘नेटवर्क नेबरहूड’ होतं, पण तिथे संगणक आपापसांत चक्क निवडणूक घेत आणि जिंकलेला यादी ठेवी. यादी अशी सुस्त, की बंद केलेलं यंत्र बराच वेळ तिच्यात जिवंतच दिसे.

ॲपलमधल्या स्टुअर्ट चेशायर या अभियंत्याला ॲपलटॉकची ती सहजता टीसीपी-आयपीवर हवी होती. ऑगस्ट २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ सोबत ‘राँदेव्हू’ आलं. चौकशी डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधण्याच्याच भाषेत, पण सर्व्हरकडे नाही, २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी. नवं यंत्र आलं की २५० मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा विचारतं: हे नाव कुणी घेतलंय का? कुणी हो म्हटलं, तर मुकाट्याने नावापुढे २ लावून घेतं. गंमत म्हणजे नावाचा तंटा खुद्द राँदेव्हूच्याही नशिबी आला. टिब्को कंपनीने ट्रेडमार्कवरून दावा लावला आणि २००५ मध्ये त्याचं ‘बाँजूर’ झालं.

लिनक्सवाल्यांचं घोडं परवान्यावर अडलं. ॲपलचा कोड खुला होता, पण त्याच्या अटी डेबियनसारख्या लिनक्स वितरणांच्या पचनी पडेनात. मग लेनार्ट पोटरिंग आणि ट्रेंट लॉइड यांच्या कामातून त्याच पद्धतीचं ‘अवाही’ उभं राहिलं. हे नाव मादागास्करच्या एका लेमूरचं.

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा निराळी. यूपीएनपी, एलएलएमएनआर, डब्ल्यूएस-डिस्कव्हरी अशा एकामागून एक बोली तिने आणल्या. घरातल्या घरात हाक मारायला इतक्या बोली, हा हट्टच म्हणायचा. शिवाय विंडोज एक्सपी येऊन दोन महिने होतात न होतात तोच, डिसेंबर २००१ मध्ये, यूपीएनपीच्या कोडमध्ये बाहेरच्याला संगणक ताब्यात घेता येईल असं भगदाड सापडलं. चेशायरची पद्धत २०१३ मध्ये अधिकृत आरएफसी, म्हणजे इंटरनेटचा मानक दस्तऐवज, झाली. विंडोजने ती मुळातून स्वीकारली विंडोज १० मध्ये.

तरी जुनी उधारी उरलीच. २०१७ च्या अखेरीस विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत एसएमबी-१ ही फाइल वाटपाची जुनी पद्धत मूळ मांडणीतून काढली गेली आणि तिच्या आधारावर चालणारी ती सुस्त यादीही गेली. विंडोजशी फाइल वाटण्यासाठी सांबा चालवणारे लिनक्स संगणक ‘नेटवर्क’च्या खिडकीतून गायब झाले. नाव हाताने टाइप केलं की फोल्डर बिनतक्रार उघडे. ते खिडकीत पुन्हा दिसावेत म्हणून लिनक्सवर डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवावा लागू लागला. त्याचं काम एवढंच: मायक्रोसॉफ्टच्या बोलीत आलेल्या हाकेला ओ देणं.