‘एका’ आणि अनेक

सूर्यमाळच्या उतारांवर आवणीच्या दिवसांत दिसते, की एकटा कितीही चपळ असो, शेत लावून होते ते दहा हातांनीच. निरोप घेऊन धावायचे असेल तर मात्र दहा जण काय कामाचे? संगणकाच्या प्रोसेसरचा इतिहास मला याच भेदाचा वाटतो.

१९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा केला, तो एका बलाढ्य प्रोसेसरवर नव्हे, तर एकत्र जोडलेल्या अनेक ट्रान्सप्युटरांवर. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्याचाच ‘एका’ ११७.९ टेराफ्लॉप्स वेगाने जगात चौथा ठरला. गंमत अशी, की त्यातील सर्व्हरचा झिऑन आणि त्याच सुमारास डेस्कटॉपवर आलेला कोअर टू क्वाड यांची मूळ रचना एकच होती. झिऑन मात्र एका बोर्डावर जोडीने बसे आणि मेमरीतील चुका सुधारणारी व्यवस्था बाळगी. अखंड चालणाऱ्या अवजड गणितांना ते हवेच. खेळाला त्याचे फारसे सोयरसुतक नाही. खेळातील बरेचसे हिशेब एकामागून एकच करावे लागतात. त्यामुळे कमी कोअरचा, पण वेगवान डेस्कटॉप प्रोसेसर तिथे महागड्या सर्व्हर प्रोसेसरलाही मागे टाकतो.

नावाने एकच असलेल्या त्या ‘एका’त कोअर होते चौदा हजारांहून अधिक!