काता कसा वाचावा? ‘कुशांकू’च्या निमित्ताने

इतिहासाचे साधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि दफ्तरे येतात. पण काही साधने कागदावर नसतात; ती माणसांच्या शरीरात जपलेली असतात. कराटेमधील ‘काता’ हे असेच एक साधन आहे. समोर प्रतिस्पर्धी नसताना, ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचालींची मालिका म्हणजे काता. त्या हालचालींचा झुंजीतला अर्थ उलगडून पाहणे याला जपानी भाषेत ‘बुन्काई’ म्हणतात.

तुमच्यापैकी काहींनी शाळेत कराटे शिकले असेल. वरच्या पट्ट्यांसाठीचा काता शिकवताना ‘या हालचालीचा मूळ अर्थ असा’ असे वाक्य हमखास कानी पडते. हे ‘मूळ’ कशाच्या आधारे ठरते? या पाठात आपण ‘कुशांकू’ या प्रगत काताच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

१. पार्श्वभूमी

कराटेची जन्मभूमी ओकिनावा. हे बेट पूर्वी र्‍युक्यू या स्वतंत्र राज्याचे केंद्र होते आणि चीनशी त्याचे व्यापाराचे व नजराण्याचे संबंध होते. १६०९ मध्ये जपानच्या सात्सुमा संस्थानाने या राज्यावर स्वारी करून त्याला अंकित केले. १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे विलीन करून घेतले. येथील युद्धकलेला ‘तोदे’, म्हणजे ‘चिनी हात’, असे म्हणत. ही कला गुरूकडून शिष्याकडे तोंडी आणि प्रत्यक्ष सरावातून जाई. तिच्याविषयी जुने लेखन मुळातच थोडे, त्यातच १९४५ च्या लढाईत ओकिनावाची प्रचंड हानी झाली. म्हणून काता हाच मोठा पुरावा उरतो.

२. एक लिखित धागा

१७६२ मध्ये र्‍युक्यूचे एक जहाज वादळाने भरकटून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. तेथील तोबे र्‍योएन या विद्वानाने जहाजावरील लोकांकडून माहिती घेऊन ती ‘ओशिमा हिक्की’ या ग्रंथात नोंदवली. चीनहून आलेल्या ‘कोशांकिन’ नावाच्या माणसाने झुंजीचे कौशल्य दाखवल्याचा उल्लेख त्यात आहे. एका हाताने समोरच्याच्या छातीजवळचे वस्त्र धरायचे, दुसऱ्या हाताने डाव टाकायचा आणि पायांचा कात्रीसारखा उपयोग करायचा, असे ते वर्णन आहे. ‘कुशांकू’ या काताचे नाव याच व्यक्तीशी जोडले जाते. ते व्यक्तीचे नाव होते की पदाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. या नोंदीत कोणत्याही काताचा उल्लेख नाही. त्यामुळे आजचा काता जसाच्या तसा १७६२ चा आहे, असे तिच्यावरून म्हणता येत नाही. मात्र त्या काळच्या झुंजीत पकड आणि जवळचे अंतर महत्त्वाचे होते, हे तिच्यावरून कळते.

३. शाळेच्या मैदानावर

विसाव्या शतकाच्या आरंभी इतोसु आन्को (१८३१–१९१५) यांनी ही कला ओकिनावातील शाळांत आणली. त्यांनी ‘पिनान’ या नावाचे पाच काता रचले. त्यांत कुशांकूतील काही तुकडे स्पष्ट ओळखू येतात. एक हात कपाळापुढे धरून दुसऱ्या हाताने मानेवर वार आणि लगेच समोर लाथ, ही जोडणी त्यांपैकी एक. वर्गभर मुलांना एकाच वेळी शिकवायचे तर कवायतीसारखी रचना सोयीची पडते. १९०८ च्या पत्रात इतोसुंनी शालेय वयातील सरावाचा पुढे सैनिकी सेवेला उपयोग होईल, असा मुद्दाही मांडला. त्याच पत्रात प्रत्येक हालचालीचे स्पष्टीकरण समजून घेऊन ती केव्हा वापरायची हे ठरवावे, असेही ते सांगतात. म्हणजे अर्थ लावणे हा शिकण्याचाच भाग होता.

४. नाव बदलले, अर्थही बदलला

इतोसुंचे शिष्य फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले. पुढे जपानमध्ये राष्ट्रवादाचे वारे जोरात वाहू लागले. अशा काळात ‘चिनी हात’ हे नाव अडचणीचे ठरले. उच्चार ‘कराटे’ हाच राहिला, पण लेखनात ‘रिकामा हात’ अशा अर्थाचे चिन्ह रूढ झाले. १९३६ मध्ये नाहा येथे जमलेल्या ओकिनावाच्या गुरूंनीही ते स्वीकारले. फुनाकोशींनी कातांची नावेही बदलली. पिनानचे ‘हेइआन’ झाले आणि कुशांकूचे ‘कान्कू’, म्हणजे ‘आकाश पाहणे’.

या काताच्या आरंभी दोन्ही हात जोडून कपाळाच्या वर नेतात आणि बोटांमधल्या त्रिकोणातून वर पाहतात. अनेक वर्गांत याचा ‘मूळ अर्थ’ आकाशदर्शन असा सांगितला जातो. पण हे नाव विसाव्या शतकातले आहे. एका चिनी माणसाची आठवण त्या नावातून पुसली गेली आणि नंतरचे नावच जुन्या हालचालीचे स्पष्टीकरण होऊन बसले.

५. वाचनाची पद्धत

आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत वेगळी गायली जाते. तसेच कातांचेही आहे. म्हणून पहिली पायरी म्हणजे पाठभेदांची तुलना. शोतोकान परंपरेतील कान्कूमध्ये जेथे बाजूला लाथ आहे, तेथे ओकिनावातील शोरिन परंपरेत समोर लाथ आहे. ओकिनावातील आखूड पवित्र्यांच्या जागी शोतोकानमध्ये लांब आणि खोल पवित्रे दिसतात. तेव्हा बाजूच्या लाथेवर उभारलेले स्पष्टीकरण कितीही आकर्षक असले, तरी ते ‘प्राचीन’ म्हणता येणार नाही.

दुसरी पायरी म्हणजे शब्दांची तपासणी. ‘उके’ या जपानी शब्दाचा अर्थ ‘घेणे, स्वीकारणे’ असा आहे. इंग्रजीतून आपल्याकडे तो ‘ब्लॉक’ म्हणून आला आणि प्रत्येक उके म्हणजे फक्त वार अडवणे, अशी समजूत झाली.

तिसरी पायरी म्हणजे स्वतंत्र पुराव्यांचा मेळ. ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेकडे ओढली जाते. समोरच्याचा हात धरून, पिळून ओढणे असा तिचा अर्थ फुनाकोशींनी दिला आहे. १७६२ च्या नोंदीतही पकड आहे. त्यामुळे हा अर्थ अधिक संभवनीय ठरतो. तो सिद्ध झाला, असे मात्र आपण म्हणत नाही.

चौथी पायरी म्हणजे दोन प्रश्न वेगळे ठेवणे. ‘ही हालचाल आज उपयोगी पडते का?’ याचे उत्तर जोडीदारासोबत करून पाहिल्यावर मिळते. ‘रचणाऱ्याच्या मनात हेच होते का?’ याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

६. आपल्याशी संबंध

भारतात कराटेचे मूळ बोधिधर्मापर्यंत नेण्याची प्रथा आहे. भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिनमध्ये युद्धकला शिकवली, ही कथा आपल्याला सुखावते. पण या कथेला आधार देणारा ‘यीजिन जिंग’ हा ग्रंथ १७ व्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारहून अधिक वर्षांनी रचलेला आहे. इतोसु तर आपल्या पत्राच्या आरंभीच सांगतात की ही कला बौद्ध किंवा कन्फ्यूशियन मतातून आलेली नाही. जी कसोटी आपण ‘आकाशदर्शना’ला लावली, तीच आपल्या अभिमानाच्या कथेलाही लावली पाहिजे.

सारांश

काता हे विश्वसनीय साधन आहे, पण ते एका काळाचे नाही. त्यात र्‍युक्यूच्या झुंजी, शाळेची कवायत आणि राष्ट्रवादाच्या काळातील नावे एकावर एक साचलेली आहेत. कोणता थर कधीचा, हे ओळखणे म्हणजे काता वाचणे. ‘मूळ अर्थ’ सांगणाऱ्याला ‘कोणत्या पाठातला आणि कोणत्या काळातला?’ असे नम्रपणे विचारायला तुम्ही शिकलात, तर या पाठाचा हेतू सफल झाला.

स्वाध्याय

१. ‘कुशांकू’चे ‘कान्कू’ होण्यामागील राजकीय संदर्भ स्पष्ट करा.
२. ‘ओशिमा हिक्की’तील नोंदीवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही?
३. तुमच्या परिसरातील एखादी लोककला किंवा खेळ घेऊन त्यातील पाठभेद नोंदवा आणि त्यांपैकी जुना कोणता असावा, हे कारणे देऊन सांगा.